रिकाम्या चौकोनांची तयारी: इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्म कॉलेजला जाताना

मुलीचं सिक्स्थ फॉर्म कॉलेजचं पहिलं वेळापत्रक हातात आलं तेव्हा मला वाटलं, यात काहीतरी छापायचं राहिलंय. सोमवारी तीन तास, बुधवारी दुपारनंतर काहीच नाही, शुक्रवारी साडेअकराला घरी. आठवड्याचे मिळून जेमतेम पंधरा तास. पुण्यात आमच्या अकरावी-बारावीला सकाळी सातला क्लास, मग कॉलेज, मग प्रॅक्टिकल, संध्याकाळी पुन्हा क्लास असायचा. त्या सवयीच्या डोळ्यांना ते रिकामे चौकोन बघवेनात.

वेळापत्रकात चूक नव्हती. त्या रिकाम्या चौकोनांतच निम्मा अभ्यास व्हायचा असतो. हे आमच्या घरात पहिली चाचणी होऊन गेल्यावर कळलं. थोरलीच्या वेळी उशिरा समजलेलं धाकट्याच्या वेळी आधीपासून करता आलं. आता आमच्या भागात नवीन आलेली मराठी घरं विचारतात तेव्हा मी हेच सांगते. इथे ते क्रमाने लिहिते आहे, इयर ११ च्या ऑक्टोबरपासून पुढे.

आधी नावं लावून घेऊ

इथलं इयर ११ म्हणजे वयाने आपली दहावी. त्याच्या शेवटी, मे-जूनमध्ये, जीसीएसईची परीक्षा होते. तिच्यात ९ ते १ अशा श्रेणी असतात आणि ९ ही सगळ्यात वरची. त्यानंतरची दोन वर्षं, इयर १२ आणि इयर १३, म्हणजे सिक्स्थ फॉर्म. पूर्वी शाळेतले वर्ग पहिला फॉर्म, दुसरा फॉर्म असे मोजत. पाचव्यानंतरचा सहावा दोन वर्षांचा असे. मोजणी बदलली, नाव तेवढं टिकलं. घरात बोलताना इयर १२ ला बारावी म्हणू नका. ती वयाने आपली अकरावी आहे, आणि गावाकडच्या आजी-आजोबांशी फोनवर बोलताना यावरून हमखास गोंधळ होतो.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत कुठल्यातरी शिक्षणात किंवा प्रशिक्षणात असणं बंधनकारक आहे. ते कुठे घ्यायचं याला मात्र बरेच पर्याय आहेत. मूल आहे त्याच शाळेत सिक्स्थ फॉर्म असेल तर तिथेच राहता येतं. शिक्षक ओळखीचे, मित्र तेच, शिस्त शाळेची. दुसरा पर्याय स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजचा. केंब्रिजचं हिल्स रोड किंवा विंचेस्टरचं पीटर सायमंड्स ही त्यातली प्रसिद्ध नावं. अशा ठिकाणी फक्त सोळा ते अठरा-एकोणीस वयाची मुलं असतात, तीही हजारोंनी. गणवेश नसतो, बऱ्याच कॉलेजांत शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि विषयांची यादी लांबलचक असते. तिसरा पर्याय फर्दर एज्युकेशन कॉलेज. तिथे ए लेव्हलपेक्षा (विद्यापीठाकडे नेणारा, एकेका विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम) व्यावसायिक अभ्यासक्रमांवर भर असतो. सरकारी व्यवस्थेतल्या या तिन्ही ठिकाणी फी नाही. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे. तिथे राहणाऱ्यांनी हा लेख जसाच्या तसा लावू नये.)

आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजशी तुलना करताना मोठा फरक हा: इथे सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा शाखाच नाहीत. मूल तीन विषय निवडतं आणि तेच दोन वर्षं खोलात शिकतं. रसायनशास्त्र, इतिहास आणि गणित असा मेळही चालतो.

इयर ११ च्या दिवाळीत

ओपन इव्हिनिंग, म्हणजे पालक-मुलांना कॉलेज बघायला बोलावतात त्या संध्याकाळी, बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात, म्हणजे आपल्या फराळाच्या धांदलीत. तरीही जा, आणि मुलाला घेऊनच जा. निदान दोन ठिकाणं बघा. महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशासाठी राज्यभराची एक केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया असते तसं इथे देशभराचं काही नाही. बहुतेक ठिकाणी प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी असते. मुदत साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान संपते. एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करून दोन-तीन ऑफर हातात ठेवायला हरकत नसते.

त्या संध्याकाळी सगळे पालक निकालाची टक्केवारी विचारतात. ती संकेतस्थळावर असतेच. मी तीन वेगळे प्रश्न विचारायला सांगते. इयर १२ ला आलेल्या मुलांपैकी किती जण इयर १३ ला टिकतात? काही ठिकाणी पहिल्या वर्षाच्या शेवटी कमी गुणांच्या मुलांना दुसरा रस्ता धरायला सांगतात, त्यामुळे अंतिम निकाल चकचकीत दिसतो. दुसरा प्रश्न, माझ्या मुलाला हवे असलेले तिन्ही विषय एका वेळापत्रकात बसतात का? आणि तिसरा, तास नसताना मुलं कुठे बसतात? वाचनालय बघायला मागा. तिथे जागा पुरेशी आहे का, शांतता आहे का, हे डोळ्यांनी बघून घ्या. मुलाची दोन वर्षं तिथल्याच एखाद्या खुर्चीत जाणार आहेत.

प्रवासाचाही हिशेब करा. सव्वा तास जाणं आणि सव्वा तास येणं सप्टेंबरमध्ये सोपं वाटतं. जानेवारीत साडेसातला अंधारात बस थांब्यावर उभं राहिल्यावर ते जड जातं.

अर्जानंतर बहुधा एक छोटी भेट होते. कॉलेज मुलाशी बोलतं, विषय का निवडले ते विचारतं. तिथे आपण शेजारी बसलो तरी उत्तरं मुलालाच देऊ द्या. मग ऑफर येते ती सशर्त असते. अमुक इतक्या विषयांत ४ किंवा ५ च्या वर, आणि घ्यायच्या विषयात ६ किंवा ७ असं तिचं सर्वसाधारण रूप. गणित आणि विज्ञानाच्या अटी सहसा जास्त कडक असतात, आणि त्याला कारण आहे, ते पुढे सांगते.

विषय निवडताना

या टप्प्यावर आपल्या घरांत सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली गोष्ट, तीन विषय पुरेसे आहेत. चार घेतले म्हणजे मूल हुशार, असा समज आपल्यात फार पसरलेला आहे. विद्यापीठांच्या ऑफर जवळपास नेहमी तीन विषयांवरच असतात. चार विषयांत दोन ए आणि दोन बी मिळवण्यापेक्षा तीन विषयांत तीन ए मिळवलेले बरे. अपवाद फर्दर मॅथ्सचा, म्हणजे गणिताच्या जोडीने घ्यायच्या प्रगत गणिताच्या वेगळ्या विषयाचा. ज्याला गणित, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या विद्यापीठांत जायचं आहे आणि गणितात खरंच रमतो, त्याने चौथा विषय म्हणून तो जरूर घ्यावा.

दुसरी गोष्ट, विद्यापीठाच्या अटी आत्ताच बघा. वैद्यकीयला बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र लागतं आणि सोबत जीवशास्त्र असलं की जवळपास सगळे दरवाजे उघडे राहतात. अभियांत्रिकीला गणित आणि बहुतेकदा भौतिकशास्त्र. अर्थशास्त्राची पदवी नावाजलेल्या विद्यापीठातून करायची तर ए लेव्हलचं गणित हवं. अर्थशास्त्र हा विषय स्वतः घेतला नसला तरी चालतं. आयटीतल्या आपल्या पालकांना हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे कम्प्युटर सायन्सच्या पदवीला बहुतेक चांगली विद्यापीठं गणित मागतात, कम्प्युटर सायन्सचं ए लेव्हल नव्हे. "आम्ही दोघं कम्प्युटरमध्ये, म्हणून मुलाने तो विषय घेतला आणि गणित सोडलं," असं सांगणारी घरं मला भेटली आहेत. तोवर इयर १३ उजाडलेलं होतं. कायद्याला मात्र ठरावीक विषय लागत नाही. इतिहास, इंग्रजी अशा लिहायला लावणाऱ्या विषयांचा तिथे चांगला उपयोग होतो.

तिसरी गोष्ट मुलाच्या आवडीची. ती मी तिसरी लिहिली तरी वजन तिचंच जास्त आहे. एका विषयाला आठवड्याला वर्गातले साडेचार-पाच तास आणि बाहेरचे तेवढेच तास द्यायचे असतात. दोन वर्षं. नावडत्या विषयाला हे तास देणं सोळा वर्षांच्या मुलाला जमत नाही, आणि इथे क्लासवाले सर मागे बसून ते करून घेत नाहीत.

ए लेव्हलची परीक्षाही समजून घ्या. २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या रचनेत अंतिम परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदाच होते. इयर १२ चे गुण पुढे धरले जात नाहीत. श्रेणी ए स्टार ते ई. इतिहास, इंग्रजी साहित्य, भूगोल, कम्प्युटर सायन्स अशा काही विषयांत सुमारे पाचवा हिस्सा प्रकल्पाला असतो. विज्ञानाच्या प्रॅक्टिकलची नोंद श्रेणीपासून वेगळी, फक्त उत्तीर्ण किंवा नाही अशी होते. आपल्याकडच्यासारखे प्रॅक्टिकलचे गुण मदतीला येतील ही आशा ठेवू नका.

ए लेव्हल सोडून दुसराही रस्ता आहे आणि त्याकडे कमीपणाने बघू नये असं मला मनापासून वाटतं. टी लेव्हल, म्हणजे दोन वर्षांचे तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रम, २०२० मध्ये सुरू झाल्या. एक टी लेव्हल तीन ए लेव्हलच्या तोडीची धरतात. त्यात किमान ३१५ तास, म्हणजे सुमारे ४५ दिवस, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जावं लागतं. डिजिटल, आरोग्य, बांधकाम असे विषय असतात. यूकॅस (विद्यापीठांचे अर्ज हाताळणारी केंद्रीय संस्था) प्रवेशासाठी जे गुण धरते त्यांत टी लेव्हलची सर्वोच्च श्रेणी १६८ गुणांची आहे, तीन ए स्टारइतकीच. मात्र प्रत्येक पदवीला टी लेव्हल चालतेच असं नाही, ते विद्यापीठाच्या पानावर बघून घ्या. हाताने काम करत शिकणाऱ्या मुलाला केवळ "लोक काय म्हणतील" म्हणून भौतिकशास्त्राच्या वर्गात बसवू नका.

भारतातून दहावी करून थेट आलेल्यांसाठी

एसएससी, सीबीएसई किंवा आयसीएसई करून मूल सोळाव्या वर्षी इथे येतं, असं दर उन्हाळ्यात घडतं. त्याच्याकडे जीसीएसई नसते. घाबरू नका, पण वेळही घालवू नका. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जमल्यास नववी-दहावीच्या शिक्षकांचं पत्र सोबत आणा. कॉलेजला लगेच ईमेल करा. भारतीय गुण इथल्या पातळीला कसे लागतात याचं अधिकृत निवेदन यूके एनिक या संस्थेकडून पैसे भरून मिळतं. अनेक कॉलेजं ते मागतात, काही स्वतःची लेखी चाचणी घेतात.

इथला नियम असा की इंग्रजी आणि गणितात जीसीएसईची ४ किंवा तिच्या तोडीची श्रेणी नसेल, तर सिक्स्थ फॉर्ममध्येही ते विषय शिकत राहावे लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला कॉलेज आधी एक वर्ष जीसीएसई इंग्रजी-गणित करायला सांगू शकतं. ते वर्ष वाया गेलं असं समजू नका. त्या वर्षात मूल इथली भाषा, बस, माणसं सगळं शिकतं.

भारतात परतून पदवी घ्यायचा विचार असेल तर ए लेव्हलची समकक्षता असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ठरवते. नीटचा विचार असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही घेतलेले असावे लागतात. हा निर्णय विषय निवडायच्या आधी झाला पाहिजे.

व्हिसा आणि पैसे

स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांच्या मनात पहिली शंका असते, सरकारी कॉलेजात मुलाला घातलं तर नियम मोडतो का? मोडत नाही. व्हिसावर "सार्वजनिक निधी नाही" असं लिहिलेलं असलं तरी सरकारी शाळा-कॉलेजातलं शिक्षण त्या निधीत धरलं जात नाही. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मात्र त्यात धरला जातो. ते आपल्याला लागू आहे की नाही याची खात्री केल्याशिवाय अर्ज करू नका. ज्यांना ते मिळतं त्यांनी लक्षात ठेवा: सोळावा वाढदिवस झाल्यावर येणाऱ्या ३१ ऑगस्टला ते आपोआप थांबतं. मूल पुढे शिकतंय हे एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, कळवावं लागतं.

कमी उत्पन्नाच्या घरांना कॉलेजकडून बर्सरी मिळू शकते. बस, पुस्तकं, साहित्य यासाठी ती असते. ती कोणाला द्यायची हे बरंचसं कॉलेजच ठरवतं, त्यामुळे लाजू नका, विद्यार्थी सेवा विभागात जाऊन विचारा. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी १६+ झिप ऑयस्टर कार्ड काढावं, त्यावर बस आणि ट्रामचा प्रवास मोफत होतो. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी १६-१७ सेव्हर कार्ड आहे. त्याने बहुतेक भाडं निम्म्यावर येतं, पासाचंसुद्धा. ते अठराव्या वाढदिवशी संपतं, म्हणून वाढदिवस बघून पास काढा.

आता थोडं दूरचं, पण आजच बघायचं. विद्यापीठात "होम" विद्यार्थी म्हणून फी लागली तर इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला ती वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती आणि त्यासाठी सरकारी कर्जही मिळतं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरलं तर फी त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि काही अभ्यासक्रमांना त्याहूनही जास्त होते, कर्ज मिळत नाही. होम धरण्यासाठी साधारणपणे अभ्यासक्रम सुरू होताना कायम वास्तव्याचा हक्क (उदाहरणार्थ आयएलआर) आणि त्याआधी तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. लहानपणापासून इथे असलेल्या मुलांसाठी दीर्घ वास्तव्याचे वेगळे निकष आहेत. अठरा वर्षांखालच्यांना सात वर्षं, अठरावरच्यांना आयुष्याचा निम्मा काळ किंवा वीस वर्षं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या यूकेसीआयएसए या संस्थेच्या संकेतस्थळावर ताजे नियम वाचा. इयर १२ ला जाणाऱ्या मुलाच्या घरात आयएलआरची तारीख आणि विद्यापीठाचा पहिला दिवस एकाच कागदावर लिहिलेले असावेत. काही महिन्यांच्या फरकाने हजारो पौंडांचा फरक पडतो. कधीकधी एक वर्ष थांबून, म्हणजे गॅप इयर घेऊन, तो सांधता येतो.

जून ते ऑगस्ट

जूनच्या मध्या-अखेरीला जीसीएसई संपते आणि सप्टेंबरपर्यंत दहा-अकरा आठवडे हातात येतात. पहिले दोन आठवडे मुलाला झोपू द्या. खरंच. परीक्षेनंतरचा थकवा आपल्याला दिसत नाही तितका मोठा असतो.

बहुतेक कॉलेजं जूनच्या शेवटी किंवा जुलैत एक-दोन दिवसांचा परिचय वर्ग घेतात आणि त्यात सुट्टीचा अभ्यास देतात. तो "वाचलात तर बरं" अशा सुरात दिलेला असतो, पण सप्टेंबरमध्ये त्यावरच पहिली चाचणी होते. गणित घेणाऱ्यांनी बीजगणित पक्कं करावं: वर्गसमीकरणं, घातांक, करणी, अपूर्णांकातली पदं सोपी करणं. जीसीएसईत ७ मिळवलेली मुलंही ए लेव्हलच्या पहिल्या महिन्यात इथेच अडखळतात, कारण आधी जे प्रश्नाचं उत्तर होतं ते आता प्रश्नाची पहिली ओळ असते. प्रवेशाच्या अटी कडक असतात त्या यासाठी. रसायनशास्त्रालाही असाच पूल ओलांडावा लागतो, मोल आणि समीकरणं आधी घोटून घ्या. निबंधाचे विषय घेतलेत तर एखादं जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचायची सवय लावा.

आता आपल्या घरांसाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना: भारताचं तिकीट काढताना निकालाची तारीख बघा. जीसीएसईचा निकाल ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी लागतो. ए लेव्हलचा त्याच्या आदल्या गुरुवारी. कॉलेजची प्रत्यक्ष नावनोंदणी, एनरोलमेंट, त्याच दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत होते. २०२५ ला जीसीएसईचा निकाल २१ ऑगस्टला होता आणि गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला. गणपतीसाठी गावी थांबावं असं कोणाला वाटणार नाही? पण नावनोंदणीला मूल हजर नसलं तर जागा जाऊ शकते किंवा हव्या विषयाचा वर्ग भरू शकतो. जाणं टळत नसेल तर कॉलेजला जुलैतच लेखी कळवा आणि उत्तर आल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. निकालपत्र दुसऱ्या कोणी आणायचं असेल तर शाळेला मुलाच्या सहीचं पत्र लागतं.

याच दिवसांत पासपोर्ट शोधून ठेवा. व्हिसाची बायोमेट्रिक कार्डं ३१ डिसेंबर २०२४ नंतर चालत नाहीत, त्यामुळे ई-व्हिसाचं खातं उघडून शेअर कोड (आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा क्रमांक) काढता येतो का ते आधी करून बघा. पत्त्याचा पुरावाही लागतो. मुलाला एकदा कॉलेजपर्यंतचा प्रवास एकट्याने, सकाळच्या वेळेला करू द्या. आणि स्वयंपाकघरात दोन-तीन गोष्टी शिकवा. दुपारी दीडला भुकेलं घरी आलेलं मूल स्वतःपुरते पोहे करू शकलं तर तुमची ऑफिसातली बैठक शांतपणे पार पडेल.

मुलाला काही शैक्षणिक अडचण असेल, परीक्षेत जादा वेळ मिळत असेल, औषधं चालू असतील, तर कॉलेजला आत्ताच सांगा. शाळेतली सवलत आपोआप पुढे जात नाही. आपल्यात हे लपवण्याकडे कल असतो. इथे लपवून फक्त मुलाचंच नुकसान होतं.

निकालाचा गुरुवार

अट पूर्ण झाली तर सरळ नावनोंदणी. एखाद्या विषयात एका श्रेणीने हुकलं तर त्याच दिवशी, त्याच सकाळी, मुलाने कॉलेजला फोन करावा किंवा थेट जाऊन उभं राहावं. जागा असतील तर पुष्कळदा घेतात, किंवा जवळचा दुसरा विषय सुचवतात. म्हणून घरात आधीच एक पर्यायी विषय ठरवून ठेवावा. गुणांबद्दल शंका असेल तर फेरतपासणी शाळेमार्फत मागता येते, पण श्रेणी खालीही येऊ शकते हे माहीत असू द्या. इंग्रजी भाषा आणि गणिताची पुनर्परीक्षा नोव्हेंबरमध्ये देता येते.

त्या दिवशी मावशी-काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल कळवायची घाई करू नका. आधी मुलाला विचारा, सांगायचं का, आणि काय सांगायचं. सोळा वर्षांच्या मुलाचा निकाल त्याचा असतो. तुम्ही विचारलंत हे तो विसरत नाही.

पहिले सहा आठवडे

आता रिकामे चौकोन.

वेळापत्रक मिळालं त्याच संध्याकाळी मुलाबरोबर बसा आणि प्रत्येक मोकळ्या तासाला नाव द्या. मंगळवारचा अकराचा तास रसायनाची उदाहरणं, वाचनालय, खिडकीजवळची जागा. गुरुवारी दुपारी इतिहासाचं वाचन. वर्गातल्या एका तासामागे बाहेर एक तास हा साधा हिशेब धरा. सगळेच चौकोन भरू नका. दोन-तीन मित्रांसाठी राहू द्यात, नव्या ठिकाणी मैत्री जमायला कॅन्टीनमधले तासही लागतात. आमच्या धाकट्याने पहिल्याच आठवड्यात हा तक्ता स्वतः केला आणि कपाटाच्या दाराला चिकटवला. थोरलीने तो नोव्हेंबरमध्ये केला होता. तिचे ते दोन महिने भरून काढायला मार्च उजाडला.

प्रत्येक विषयाची वेगळी फाइल हवी, आत विभाजक, आणि दर रविवारी अर्धा तास फक्त कागद लावायला. हे बारीकसं वाटतं. पण परीक्षा दोन वर्षांनी आहे, आणि पहिल्या ऑक्टोबरचे कागद दुसऱ्या एप्रिलमध्ये लागतात.

पहिल्या चाचणीत जीसीएसईला ८ मिळवणाऱ्या मुलाला डी किंवा ई मिळू शकते. आपल्या घरांत यावरून आकाश कोसळतं. तेव्हा आवाज न चढवता शिक्षकांनी उत्तरपत्रिकेवर काय लिहिलंय ते मुलाबरोबर वाचा आणि पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या मदत तासाला ते जातं का बघा. जवळपास प्रत्येक विषयाला असा तास असतो, आणि ज्यांना खरी गरज असते तीच मुलं तिथे जायला कचरतात. लगेच बाहेरचा ट्यूटर लावायची घाई नको. आधी कॉलेजात जे फुकट मिळतंय ते वापरू द्या.

विषय चुकला असं वाटलं तर पहिल्या काही आठवड्यांत तो बदलता येतो. ही मुदत कॉलेजगणिक वेगळी असते आणि ती गेली की दार बंद होतं. मूल दोन-तीनदा "मला हा विषय नको" म्हणालं तर तारीख विचारून ठेवा. एका कठीण तासानंतरची कुरकुर आणि खरी नावड यांत फरक असतो. तो ओळखायला रविवारच्या जेवणानंतरची निवांत वेळ बरी, बुधवारी रात्री अकराची नको.

आपण पालकांनी काय विचारावं? "अभ्यास झाला का?" याला "हो" एवढंच उत्तर येतं. मी विचारायला शिकले ते असं: "आज मोकळ्या तासाला कुठे बसलास?" त्यातून वाचनालय कळतं, मित्र कळतात, आणि कधी कधी तो एकटा बसतोय हेही कळतं. मोठ्या कॉलेजात पहिले काही आठवडे एकटेपणा येतो, विशेषतः शाळेतून एकटंच आलेल्या मुलाला. ते लांबलं, जेवण-झोप बिघडली, तर कॉलेजातल्या ट्यूटरला, म्हणजे मुलावर लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकांना, ईमेल करा. कॉलेजात समुपदेशक असतात. मुलाला कोणाशी नाव न सांगता बोलायचं असेल तर चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक ०८०० ११११ आहे. एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत तो त्यांच्यासाठी आहे, आणि मोफत.

अर्धवेळ नोकरीचा प्रश्न याच सुमाराला येतो. वर्गातले अर्धे जण दुकानात किंवा कॅफेत काम करत असल्यासारखं मुलाला वाटतं. आठवड्याला आठ तासांपर्यंत, शनिवार-रविवारपैकी एक दिवस, मला योग्य वाटतं. स्वतः कमावलेले पैसे आणि वरिष्ठाशी बोलायची सवय याचं मोल आहे. त्यापुढे गेलं की सोमवारचे रिकामे चौकोन झोपेत जातात. काम करायची परवानगी व्हिसावर आहे ना, तेवढं आधी बघा.

पुढची वाट, थोडक्यात

इयर १२ च्या शेवटी अंतर्गत परीक्षा होते. तिच्या आधारावर शिक्षक अंदाजित श्रेणी ठरवतात आणि विद्यापीठं त्याच बघतात. म्हणजे अंतिम परीक्षेत न धरली जाणारी ही परीक्षा प्रवेशासाठी मात्र फार महत्त्वाची आहे. वैद्यकीयला जाणाऱ्यांची यूकॅट ही प्रवेश चाचणी याच उन्हाळ्यात, इयर १२ आणि १३ च्या मध्ये असते. त्या वर्षीही भारताचं तिकीट जपून काढा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि पशुवैद्यकीयचे यूकॅस अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, बाकीच्यांची मुख्य मुदत जानेवारीत. २०२६ च्या प्रवेशापासून या अर्जातलं वैयक्तिक निवेदन (हा विषय का, मी का, हे मुलाने स्वतः लिहायचं) एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहायचं असतं. थोरल्या भावंडाचं जुनं निवेदन नमुना म्हणून पुढे करू नका.

आणि ऑक्टोबरची पहिली हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, आली की कपाटाच्या दारावरचा तो तक्ता काढून मुलासमोर ठेवा, पेन त्याच्या हातात द्या. कुठला चौकोन खरंच पाळला गेला आणि कुठला नाही ते त्यालाच खुणा करून दाखवू दे. नवा तक्ता तो लिहील, तुम्ही चहा करा.